जुनी मोझॅक काढावी की ठेवावी? कोथरूडच्या घरासाठी फरशीची निवड

(चर्चामंचावरील धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तिसरा मजला

नमस्कार. आमची सदनिका कोथरूडमध्ये १९८४ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. चटई क्षेत्र सुमारे ६४० चौरस फूट असून हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यालगतची गॅलरी, जिला हल्ली ड्राय बाल्कनी म्हणायचे असते, या सर्व ठिकाणी मूळचीच दहा इंची मोझॅक फरशी आहे. फिकट पिवळसर रंग आणि त्यात काळ्या-तपकिरी चिप्स, असे तिचे रूप पुण्यातील त्या काळच्या घरांत राहिलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लगेच येईल. ओट्यासमोरची पट्टी उभे राहून राहून खडबडीत झाली आहे, देवघरासमोरच्या दोन फरश्या चाळीस वर्षे नारळ फोडल्यामुळे तडकल्या आहेत आणि एकूण चकाकी गेलेली आहे.

घरात माझी शहात्तर वर्षांची आई, आम्ही दोघे आणि सातवीतला मुलगा आहोत. मागच्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. मनगटावर निभावले, पण तेव्हापासून फरशीचा विषय घरात रोज निघतो. एक ठेकेदार म्हणतो की सर्व उखडून चार बाय दोन फुटांच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल घालाव्यात. दुसरा म्हणतो की उखडू नका, जुन्या फरशीवरच नवी बसवू. आणि मेहुण्यांना लाकडी फरशीचे वेड लागले आहे. गंगाधाम रस्त्यावरच्या दुकानांत दोन रविवार घालवले, पण तिथल्या दिव्यांखाली प्रत्येकच फरशी सुंदर दिसत असल्यामुळे अधिक गोंधळ घेऊन परत आलो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

बांधकामावर तीस वर्षे काढल्यामुळे मला एक सवय लागली आहे: कोणती फरशी घालायची हे ठरवण्यापूर्वी मी असलेली फरशी वाजवून पाहतो. एक नाणे घ्या, जमिनीवर बसा आणि प्रत्येक फरशीच्या चार कोपऱ्यांवर व मध्यभागी नाण्याच्या कडेने ठोका. खालचा माल धरून असेल तिथे आवाज टणक आणि आखूड येतो; माल सुटला असेल तिथे रिकाम्या डब्यासारखा येतो. पोकळ वाजेल त्या फरशीवर खडूने फुली मारा. एखाद्या खोलीत निम्म्या फरश्यांवर फुल्या आल्या तर ती खोली उखडण्यावाचून गत्यंतर नाही. पण दहात एखादीच असेल तर ‘सर्व काढून टाका’ या सल्ल्याकडे संशयाने पाहावे, असे माझे मत आहे.

उखडणे म्हणजे काय, याचा हिशेब ठेकेदार सहसा सांगत नाहीत, म्हणून मी मांडतो. दहा इंची मोझॅक साधारण २२ मिलिमीटर जाड असते आणि तिचे वजन चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरते. तिच्याखाली ४० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा थर धरला तर आणखी ८० किलो. न्हाणीघरे वगळून तुमच्या घराचे ५५ चौरस मीटर धरले तरी हा राडारोडा सात टनांच्या पुढे जातो. एका पोत्यात ३०-३५ किलो भरले तर दोनशेहून अधिक पोती लिफ्ट नसलेल्या इमारतीतून, शेजाऱ्यांच्या दारांवरून, तीन मजले खाली उतरवायची आहेत. शिवाय जुन्या घरांत विजेच्या नळ्या आणि पाण्याच्या वाहिन्या कधीकधी फरशीखालून गेलेल्या असतात, आणि फरशी फोडायचे ब्रेकर यंत्र चालवणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

जुन्या फरशीवर नवी बसवण्याचा मार्ग वाईट नाही. दहा मिलिमीटरची टाइल आणि खालचे अॅधेसिव्ह (टाइल चिकटवण्याचा तयार माल) मिळून चौरस मीटरला सुमारे ३० किलो भार वाढतो. निवासी स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखलेली असते, त्यामुळे एवढ्याने सहसा काही बिघडत नाही. मात्र पूर्वी कोणी असाच एक थर चढवलेला नाही ना, हे पाहिले पाहिजे. खरी अडचण उंचीची आहे. घरातील जमीन १२ ते १५ मिलिमीटरने वर येते, म्हणजे प्रत्येक दार खालून तासावे लागते आणि न्हाणीघराच्या व गॅलरीच्या तोंडाशी पाणी अडवणारा जो थोडासा चढ-उतार असतो, त्याचे गणित बदलते.

तिसरा मार्ग तुमच्या यादीत नाहीच, तो म्हणजे मोझॅक घासून घेणे. ही फरशी दोन थरांची असते. वरच्या पाच-सहा मिलिमीटरच्या थरात संगमरवराच्या चिप्स आणि रंगीत सिमेंट, खाली साधा सिमेंट-वाळूचा थर. घासाईत वरचा अगदी पातळ पापुद्रा जातो, आणि खाली तीच नक्षी ताजी होऊन बाहेर येते. छापील टाइलचे असे होत नाही. तिचा पृष्ठभाग गेला की तिचे आयुष्य संपले.

पर्वतीपायथा

ओळंबा यांचा हिशेब मान्य आहे, परंतु मोझॅकविषयीचे हे प्रेम मला थोडे भाबडे वाटते. सिमेंटची फरशी तेल पिते, डाग धरते, आणि घासून आणलेली चकाकी स्वयंपाकघरात फार वर्षे टिकत नाही. आम्ही सहकारनगरच्या घरात मोझॅक घासून घेतली होती. चौथ्या दिवाळीला ओट्यासमोर पुन्हा तोच काळपट पट्टा तयार झाला. त्यानंतर व्हिट्रिफाइड घातली आणि पश्चात्ताप झाला नाही.

मात्र ‘व्हिट्रिफाइड’ या एका शब्दाखाली दुकानात तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे लक्षात ठेवावे. भिंतीची सिरॅमिक टाइल तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते, तर व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून भिंतीची टाइल स्वस्त पडते या कारणाने जमिनीवर घालू नये. व्हिट्रिफाइडमध्येही ‘ग्लेझ्ड’ प्रकारात नक्षी वर छापलेली असते आणि तिच्यावर काचेसारखा पातळ थर असतो. तिच्यात संगमरवरापासून लाकडापर्यंत कोणतेही रूप मिळते, पण खोल ओरखडा पडला तर आतला वेगळा रंग दिसतो. ‘डबल चार्ज’मध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर असतो, नक्षी ठरावीकच मिळते, पण वर्दळीला ती अधिक टिकते. ‘फुल बॉडी’त वरपासून खालपर्यंत एकच रंग असतो. विक्रेत्याला टाइल उलटी करून कड दाखवायला सांगावी. कड पाहिली की यातले बरेचसे न सांगता कळते.

माझी खरी चूक सांध्यांची झाली. ‘जॉइंट दिसणारच नाही’ या आमिषाला भुलून आम्ही टाइल एकमेकींना चिकटवून बसवून घेतल्या. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये भर दुपारी हॉलमध्ये कपाट पडावे तसा आवाज झाला. पाहतो तर मधल्या दोन टाइल कौलारू छपरासारख्या एकमेकींवर टेकून उभ्या राहिल्या होत्या. उष्णतेने सर्व टाइल थोड्या प्रसरण पावल्या होत्या आणि त्यांना सरकायला जागाच नव्हती. आता मी प्रत्येकाला सांगतो, की दोन मिलिमीटरचे स्पेसर (दोन टाइलमध्ये फट राखणारे छोटे तुकडे) लावल्याशिवाय मिस्त्रीला पहिली टाइल ठेवू देऊ नये, आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी फट मोकळी सोडावी.

मीठभाकर

स्वयंपाकघराचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. माझे बालपण शनिवार पेठेतील वाड्यात शहाबादी फरशीवर गेले आणि लग्नानंतर वीस वर्षे कोटा वापरला. शहाबादी कर्नाटकातील शहाबादहून येते आणि कोटा राजस्थानातून. पण दोन्ही मुळात चुनखडीचेच दगड, आणि संगमरवराचा पिंडही चुनखडीचाच. चुनखडीचे आम्लाशी पटत नाही, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे निर्णय आपोआप होतात. दुकानातून पॉलिश केलेल्या कोट्याचा तुकडा घरी आणा, त्यावर अर्धे लिंबू पिळा आणि दहा मिनिटांनी पुसा. पुसल्यानंतर तिथे एक निस्तेज ठिपका राहील आणि तो कितीही घासला तरी जाणार नाही, कारण तो डाग नसून तेवढी चकाकी लिंबाने खाल्लेली आहे. चिंच, ताक, कोकम यांचेही तेच. ग्रॅनाइटवर हा प्रयोग केला तर काहीच घडत नाही.

उंड्रीला राहायला गेल्यावर यात आणखी एक भर पडली. तिथे पाणी टँकरचे आणि बोअरचे, त्यामुळे फरशीवर क्षारांची पांढरी पुटे चढत. मदतीला येणाऱ्या मावशींनी चांगल्या हेतूने संडास साफ करायचे ॲसिड ड्राय बाल्कनीतील कोट्यावर ओतले. मिनिटभर फसफस झाली, पुटे गेली आणि त्यांच्याबरोबर पॉलिशही गेले. म्हणून जिथे पाणी जड आहे तिथे चुनखडीचा दगड पॉलिश न करता वापरावा, किंवा वापरूच नये. टाइलच्या सांध्यांत भरायच्या सिमेंटच्या ग्राउटलाही ॲसिड असेच खाते; ओल्या जागेत एपॉक्सी ग्राउटचे पैसे जास्त गेले तरी ते भरून घ्यावे. हळदीचा डाग सहज धरत नाही, हा त्याचा दुसरा गुण.

हे सांगूनही मी शहाबादीचीच बाजू घेईन. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर नुसती चटई टाकून पडण्याचे सुख कोणत्याही टाइलने दिलेले नाही. पण ते सुख मी तळमजल्यावर आणि चाळिशीच्या आत घेतले, हेही मान्य केले पाहिजे. डिसेंबरात तीच फरशी आईच्या गुडघ्यांना सोसत नसे.

रिकामा पाट

मेहुण्यांच्या लाकडी फरशीविषयी थोडक्यात. दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ या नावाने बहुधा लॅमिनेट दाखवतात. ते म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची आठ ते बारा मिलिमीटरची पट्टी आणि तिच्यावर लाकडाचे छापील चित्र. ते पायाला उबदार लागते आणि जुन्या फरशीवर दोन दिवसांत बसते, हे खरे. पण कडांतून पाणी शिरले की पट्टी फुगते आणि फुगलेली पट्टी पुन्हा बसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली आणि एका रात्रीत खिडकीखालच्या सहा पट्ट्यांच्या कडा वर आल्या. त्यात तुमची इमारत जुनी, म्हणजे वाळवीचाही विचार करावा लागेल.

अलीकडे ‘एसपीसी’ म्हणून जे मिळते, त्यात लाकडाऐवजी दगडाची पूड आणि प्लास्टिक असते. ते पाण्याने फुगत नाही आणि जाडी चार ते सहा मिलिमीटर असल्यामुळे दारे फारशी तासावी लागत नाहीत. मात्र खालची जमीन सपाट हवी. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त खळगा असेल तर चालताना पट्ट्या दबतात आणि कालांतराने त्यांची खाच तुटते. पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या मोठ्या खिडकीसमोर मी ते घालणार नाही. मेहुण्यांचे मन राखायचेच असेल तर एका खोलीत घालावे.

तिसरा मजला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलाने आणि मी नाणे घेऊन पूर्ण घर वाजवले. हॉलमधील २४२ फरश्यांपैकी १७ पोकळ निघाल्या, दोन्ही खोल्यांत मिळून ९, आणि स्वयंपाकघर व ड्राय बाल्कनीत मात्र निम्म्याहून अधिक. आता न्हाणीघराविषयी कोणी लिहील का? आईच्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

दोन पायऱ्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरी पडलेल्या ज्येष्ठांना तपासण्यासाठी अनेकदा त्यांच्या घरी जाते, त्यामुळे फरशीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. दुकानात टाइलच्या माहितीपत्रकावर ‘आर’ आणि पुढे ९ ते १३ असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. कोरड्या खोलीला आर-९ पुरते, न्हाणीघराला किमान आर-१० आणि जिथे साबणाचे पाणी सांडते तिथे आर-११ पाहावे. त्याहून खरखरीत टाइल घरात नको. ती स्वच्छ होत नाही, तिच्यावर साबणाचा थर साचतो आणि मग तोच थर निसरडा होतो. मोठ्या टाइलपेक्षा एक फुटाची टाइल न्हाणीघरात बरी, कारण सांधे जास्त असल्याने पायाला धर मिळतो आणि ढाळही नीट काढता येतो. एक मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार पुरतो. याहून कमी असेल तर पाणी साचते, आणि फार वाढवला तर ज्येष्ठांना स्टूल डळमळल्यासारखे वाटते.

रंगाचा मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. मोतीबिंदू असलेल्या किंवा दृष्टी मंदावलेल्या व्यक्तीला पांढरी भिंत, पांढरी जमीन आणि पांढरे भांडे असलेल्या न्हाणीघरात जमीन कोठे संपते हेच कळत नाही. जमीन भिंतीपेक्षा स्पष्टपणे गडद असावी. हॉलमधील चकचकीत टाइलवर खिडकीचा उजेड पडला की ती ओली असल्यासारखी दिसते आणि वृद्ध व्यक्ती तिथे पाऊल आखडते. पाऊल आखडले की तोल जातो. तुमच्या आईंनी चाळीस वर्षे ज्या फरशीवर पाऊल टाकले आहे, ती त्यांच्या पायांना पाठ आहे. मी असते तर हॉल आणि त्यांची खोली बदलली नसती. जुन्या फरशीवर नवी घालून दाराशी अर्ध्या इंचाची नवी पायरी तर मुळीच निर्माण केली नसती.

ओळंबा

दोन पायऱ्या यांच्याशी पूर्ण सहमत आहे. न्हाणीघरात फक्त टाइल बदलून भागणार नाही, कारण टाइल ही वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइलखालचा जुना कोबा (भरावाचा थर) काढा, नळाच्या वाहिन्या तपासा, वॉटरप्रूफिंग करा आणि टाइल लावण्यापूर्वी ४८ तास पाणी भरून ठेवा. त्या दोन दिवसांत खालच्या घरी स्वतः जाऊन छत पाहून या. त्या एका चहामुळे पुढची अनेक वर्षांची भांडणे वाचतात.

व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. तिला अॅधेसिव्हच हवे आणि ते दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरलेले हवे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबणारा मिस्त्री झटपट काम करतो, पण त्या गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि वरवंटा पडला की टाइल नेमकी तिथेच फुटते. पहिल्या दिवशी बसवलेली एक टाइल लगेच उचलायला लावून तिची पाठ पाहावी. मिस्त्री नाराज होतो, होऊ द्यावे.

खरेदीचा हिशेबही सांगून ठेवतो. दोन बाय दोन फुटांच्या चार टाइलची पेटी साधारण १५.५ चौरस फूट भरते. जागा ११० चौरस फूट असेल तर कापण्यात जाणारे दहा टक्के धरून १२१, म्हणजे आठ पेट्या, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी एक जास्त. सर्व पेट्यांवरील शेड आणि बॅचचा क्रमांक एकच आहे हे माल उतरवतानाच पाहावे, कारण टाइल लावल्यावर दिसलेला रंगाचा फरक कोणी परत घेत नाही.

पर्वतीपायथा

हॉलपुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. स्वयंपाकघराविषयी मात्र ठाम आहे.

तिसरा मजला

चार महिन्यांनी परत आलो आहे, कारण काय केले ते सांगणे हे या धाग्याचे देणे आहे.

हॉल आणि दोन्ही खोल्यांतील मोझॅक ठेवली. स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी आणि न्हाणीघर उखडले. ड्राय बाल्कनीतील कपाटाखालच्या फरश्या कोऱ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या तीस-बत्तीस मिस्त्रींनी छिन्नीने अलगद अखंड काढल्या आणि त्याच हॉलमधील व खोल्यांतील पोकळ फरश्यांच्या जागी बसवल्या. बाजारात तो रंग आता मिळत नाही, त्यामुळे ही युक्ती सुचली नसती तर हॉलभर ठिगळे दिसली असती. बसवल्यावर आठवडाभर माल वाळू दिला, बारीक भोके त्याच रंगाच्या सिमेंटने भरून घेतली आणि मग घासाई केली. आधी जाड दगड, मग बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने पॉलिश, असे चार दिवस लागले. घासाईचा राखाडी चिखल घरभर होतो आणि भिंतींवर हातभर उंचीपर्यंत उडतो, म्हणून रंगकाम त्यानंतरच करावे. तो चिखल मोरीत सोडू नये, वाहिनीत सिमेंटसारखा बसतो. आम्ही बादल्यांत भरून, खाली बसू देऊन पोत्यांतून बाहेर काढला.

स्वयंपाकघरात मंद करड्या रंगाची मॅट डबल चार्ज टाइल, दोन मिलिमीटर सांधे आणि एपॉक्सी ग्राउट. दोन बाय दोनच घेतली, कारण चार बाय दोनची टाइल आमच्या जिन्याच्या वळणावरून नेताना हमाल दोनदा अडला आणि दुकानदाराने ती बदलून दिली. हॉलच्या जुन्या पातळीला नवी पातळी दोरी लावून जुळवली, त्यामुळे दाराशी ठेच लागत नाही. न्हाणीघरात एक फुटाची गडद टाइल, आर-११. पाणी भरून ठेवले त्या दुसऱ्या दिवशी खालच्या घरी गेलो, तर छताच्या एका कोपऱ्यात ओल दिसली. वाहिनीचा एक सांधा गळत होता. तो दुरुस्त करून पुन्हा ४८ तास पाणी भरले, म्हणजे काम चार दिवसांनी लांबले.

राडारोड्याची एकूण ८३ पोती झाली. मेहुण्यांची समजूत काढणे अजून चालू आहे.

देवघरासमोरच्या दोन तडकलेल्या फरश्या बदलायला आईने नकार दिला. मिस्त्रींनी तडे भरून त्या घासल्या, तरी जवळून पाहिल्यास रेघा दिसतात. नारळ मात्र आता ड्राय बाल्कनीत फुटतो.

मीठभाकर

ड्राय बाल्कनीतही नवीन टाइल आहे ना? तिथे नारळ फोडायला काय ठेवले आहे?

तिसरा मजला

गवंड्याने टाकून दिलेला कडाप्प्याचा हातभर तुकडा, खाली पोते घालून.